इंजिन अडखळतं तेव्हा : प्रस्तावना

अकोला–मंगरूळपीर रस्त्यावरच्या बार्शीटाकळीत गॅरेजपुढे उभ्या असतात त्या आल्टो, बोलेरो, जुन्या जीप, ट्रॅक्टर आणि मोटारसायकली. दोन आसनांची बुटकी स्पोर्ट्‌स कार इथे दुरुस्तीला येणं दुर्मीळच. तरी या पुस्तकाचा विषय स्पोर्ट्‌स कारचं अडखळणारं इंजिन हा आहे, आणि ते अकोला-अमरावतीकडच्या गॅरेजांत हात काळे करणाऱ्या पोरांसाठी लिहिलं आहे. असं का, ते आधी सांगायला हवं.

रोजच्या वापरातली गाडी मिस्त्रीच्या चुका पोटात घालते. आल्टो मिसिंग मारत असली तर प्लग बदलून बघायचे, नाही जमलं तर कॉइल, तेही नाही तर इंजेक्टर. सगळं अकोल्याच्या बाजारात मिळतं, आणि तिसऱ्या-चौथ्या भागाला गाडी सुधारते. गिऱ्हाईक पैसे देतो आणि मिस्त्रीला वाटतं, दोष आपण ओळखला. खरं तर ओळखला काहीच नाही. एकेक करून सगळे संशयित घराबाहेर काढले, तेव्हा खरा दोषी त्यांच्याबरोबर गेला. हे काम मी निदान मानत नाही. स्पोर्ट्‌स कारवर अशी पद्धत चालत नाही. तिचा भाग महाग, तो मिळायला आठवडे लागतात, आणि इंजिन इतकं ताणून जुळवलेलं असतं की दोन बारीक दोष एकमेकांत मिसळून तिसराच भास तयार करतात. तिथे शोधूनच काढावं लागतं. आणि जो तिथे शोधायला शिकला, त्याला आल्टोवर वेगळं काही शिकावं लागत नाही.

यासाठी परदेशातलं उदाहरण शोधायला नको. १९९०च्या दशकाच्या अखेरीस गोव्यात सॅन स्टॉर्म नावाची छोटी स्पोर्ट्‌स कार तयार होऊ लागली. दोन आसनं, फायबरग्लासची बॉडी, आराखडा फ्रान्सच्या ल मान्स ग्रुपचा आणि इंजिन रेनॉचं : ११४९ सीसी, चार सिलिंडर, सुमारे ६० अश्वशक्ती. आकडा लहान वाटतो, पण गाडी हलकी होती. स्टॉर्म फार थोड्या बनल्या. त्या वेळी रेनॉ स्वतः भारतात गाड्या विकतच नव्हती; महिंद्राबरोबर तिची लोगन आली ती २००७ मध्ये, आणि लोगनची इंजिनं निराळी. म्हणजे स्टॉर्म थरथरायला लागली, तर तिच्या मिस्त्रीला कोपऱ्यावरच्या दुकानातून कॉइल आणून ‘लावून बघू’ म्हणण्याची सोय नव्हती. आधी खात्री करायची, मग भाग मागवायचा.

त्या पिढीच्या रेनॉ इंजिनांतली एक गोष्ट इथे सांगण्यासारखी आहे. फ्लायव्हीलचे दात वाचणारा सेन्सर, म्हणजेच क्रँकचा सेन्सर, बेल हाउसिंगवर बसवलेला असतो. ठिणगी कधी पाडायची आणि पेट्रोल कधी सोडायचं, हे इंजिनाच्या कंप्युटरला त्याच्यावरूनच कळतं. सेन्सरच्या टोकाला तेलकट मळ आणि लोखंडाचा कीस चिकटला की इशारा क्षीण होतो आणि इंजिन मधेच अडखळतं, किंवा गरम असताना सुरूच होत नाही. उपाय असा, की सेन्सर काढा, टोक पुसा, कनेक्टर साफ करा, परत बसवा. खर्च जवळजवळ शून्य. पण ज्याला हे माहीत नाही तो प्लग, कॉइल, पेट्रोल पंप असं सगळं बदलत जाईल आणि गाडी तशीच राहील.

पुढे दिलीप छाब्रियांच्या डीसी डिझाइनने अवंती आणली. २०१२ च्या दिल्लीतल्या ऑटो एक्स्पोत ती पहिल्यांदा लोकांसमोर आली. तिचंही इंजिन रेनॉचंच, पण दोन लिटरचं, टर्बोचं, सुमारे २५० अश्वशक्तीचं. आणि ते बसवलेलं आसनांच्या मागे, गाडीच्या मध्यावर. तिथे समोरून येणारा वारा सहज पोचत नाही. हाताला जागा कमी आणि कोंडलेली उष्णता जास्त. नागपूर किंवा अकोल्याच्या मे महिन्यात अशी गाडी सिग्नलला दहा मिनिटं उभी राहिली की इंजिनाच्या खोलीतल्या कॉइल, वायरी आणि होज यांचं काय होत असेल, याची कल्पना वऱ्हाडातल्या माणसाला वेगळी द्यायला नको.

आता दुखणं काय ते नीट समजून घेऊ. गिऱ्हाईक येतो आणि सांगतो, “भाऊ, गाडी मिसिंग मारून रायली,” किंवा “रेसच घेऊन नाई रायली,” किंवा नुसतं “झटके देते.” ही तीन वेगवेगळी दुखणी असू शकतात. उभ्या गाडीत स्टिअरिंग थरथरणं निराळं, चढावर गाडीने दम सोडणं निराळं, आणि एका ठरावीक वेगाला धक्का बसणं निराळं. कधी तर इंजिनात काहीच नसतं. इंजिन ज्या रबरी माउंटिंगवर बसतं तेच फाटलेलं असतं, आणि निरोगी इंजिनाची साधी कंपनं थेट माणसाच्या पाठीपर्यंत पोचतात. म्हणून पहिला प्रश्न हाच, की इंजिन खरंच अडखळतंय, की फक्त जाणवतंय?

थोडं गणित करू. चार सिलिंडरचं चार-स्ट्रोक इंजिन मिनिटाला ८०० फेरे घेत असेल तर दर फेऱ्याला दोन, म्हणजे मिनिटाला १६०० स्फोट होतात; सेकंदाला सुमारे २७. इतके जवळजवळ पडणारे ठोके हाताला सलग वाटतात. चारांतला एक सिलिंडर मेला की सेकंदाला सहा-सात वेळा रिकामी जागा येते, आणि ती हाताला आणि कानाला लगेच कळते. तीन सिलिंडरच्या गाडीत तर तिसरा हिस्सा ताकद जाते. तिफणीची एक नळी तुंबली की पेरताना कोणाला दिसत नाही, पण आठ दिवसांनी वावरात एक ओळ रिकामी राहते, आणि शेतकरी ओळ मोजून सांगतो की नळी कोणती होती. इंजिनाचंही निदान असंच चालतं : रिकामी जागा कितव्या ठोक्याला येते ते मोजायचं आणि तिथून मागे जायचं.

पण हेच इंजिन ७००० फेऱ्यांवर गेलं की सेकंदाला २३० च्या वर स्फोट होतात, आणि तिथे एखादा चुकला तर थरथर जाणवत नाही. फक्त गाडी ओढत नाही. एका सिलिंडरला त्याचं पूर्ण चक्र संपवायला तिथे जेमतेम १७ मिलिसेकंद मिळतात. तेवढ्यात कॉइल भरली पाहिजे, इंजेक्टर उघडून पुरेसं पेट्रोल सोडून बंद झाला पाहिजे. रोजच्या वापरात हे भाग आरामात काम करतात; दमलेली कॉइल किंवा थकलेला पंप तिथे उघडा पडत नाही. शिवाय सिलिंडरमध्ये दाब जितका जास्त तितकी ठिणगी पाडायला व्होल्टेज जास्त लागतं, आणि टर्बोमध्ये हा दाब आणखी वाढतो. प्लगची गॅप जरा जास्त झाली की उभ्या गाडीत इंजिन सुरेल चालतं आणि पाय दाबला की बिथरतं. अशी गाडी गॅरेजात उभी करून तासभर ऐकली तरी काही सापडणार नाही. तिला रस्त्यावर, भाराखालीच तपासावं लागतं.

स्पोर्ट्‌स कारचा आणखी एक धडा मला फार मोलाचा वाटतो. काही इंजिनांचं निरोगी चालणंच खडबडीत असतं. जास्त फेऱ्यांवर ताकद मिळावी म्हणून त्यांचा कॅमशाफ्ट असा घडवतात, की इनटेक आणि एक्झॉस्ट दोन्ही व्हॉल्व्ह काही काळ एकदम उघडे राहतात. वरच्या वेगात त्याने सिलिंडर छान भरतो. पण आयडलला जळालेला वायू थोडा परत येतो, मिश्रण नासतं आणि इंजिन डुलत चालतं. नवख्या मिस्त्रीला ते दुखणं वाटतं. तो आयडल वाढवतो, मिश्रण बदलतो, आणि चांगल्या इंजिनाला बिघडवतो. म्हणून कोणत्याही गाडीचं निरोगी चालणं आधी कानात बसवा. धडधाकट आल्टो कशी वाजते, धडधाकट बोलेरो कशी वाजते, हे रोज ऐकून ठेवल्याशिवाय आजारी गाडी ऐकू येत नाही. आपल्याकडचे जुने मिस्त्री स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनाला आणि मूठ कानाला लावून ऐकत. ती पद्धत मी या पुस्तकात पूर्ण मानाने घेतली आहे.

गिऱ्हाईकाला काय विचारायचं, यावर या पुस्तकात सगळ्यात लांब प्रकरण आहे, आणि ते वाचून काही जण कंटाळतील. तरी माझा आग्रह आहे. बोनेट उघडण्याआधी पाच मिनिटं बोला. थरथर थंड असताना होते की गरम झाल्यावर? पेट्रोल भरल्यावर सुरू झाली का? गाडी धुतल्यावर? एसी लावल्यावर? त्याआधी कोणी काही काम केलं होतं का? प्रत्येक उत्तर अर्धं काम करून देतं. गाडी धुतल्यापासून सुरू झालं असेल तर प्लगच्या खड्ड्यात पाणी साचलंय का ते आधी बघा. सकाळी थरथरते, पांढरा धूर टाकते, मग सुधारते आणि रेडिएटरचं पाणी हळूहळू कमी होतंय, असं असेल तर हेड गॅस्केटकडे वळा; रात्रभर झिरपलेलं पाणी सकाळी सिलिंडरमध्ये असतं. गरम झाल्यावरच अडखळत असेल तर कॉइलचं इन्सुलेशन आणि क्रँकचा सेन्सर. एसीचा भार आला की आयडल कोसळत असेल तर थ्रॉटलवरची काजळी. “परवा टायमिंग बेल्ट बदलला” हे वाक्य कानावर आलं, तर बाकी सगळं बाजूला ठेवून बेल्ट एक दात इकडेतिकडे बसलाय का ते तपासा.

मग राहतात चार गोष्टी : करंट, पेट्रोल, हवा आणि कम्प्रेशन. पाचवी त्यांची वेळ. यांतलं एखादं कमी पडल्याशिवाय इंजिन अडखळत नाही, मग ती फेरारी असो की हीरो होंडा. आमच्याकडे ‘करंट येते का बघ’ म्हणत प्लगची वायर इंजिनाला टेकवून ठिणगी बघण्याची सवय आहे. मॅग्नेटोच्या काळात ती ठीक होती. आता बऱ्याच गाड्यांत प्रत्येक प्लगवर स्वतंत्र कॉइल असते आणि तिच्यातून तीस-चाळीस हजार व्होल्ट निघतात. चालू इंजिनाची कॉइल हाताने उपसली तर माणसाला झटका बसतो आणि कंप्युटरही जळू शकतो. त्याऐवजी एकेका इंजेक्टरचा कनेक्टर काढून बघा. ज्या सिलिंडरचा कनेक्टर काढल्यावर इंजिनाच्या आवाजात फरक पडत नाही, तो आधीपासूनच मेलेला. बरेच स्कॅनर हेच काम हात न लावता करतात.

स्कॅनरबद्दल स्पष्ट बोलायला हवं, कारण त्याच्याविषयी आपल्याकडे दोन्ही टोकांची मतं आहेत. आधी तो इथवर कसा पोचला ते बघू. १९०२ मध्ये बॉशच्या गॉटलोब होनोल्डने उच्च व्होल्टेजचा मॅग्नेटो तयार केला, तेव्हापासून ठिणगीचं काम भरवशाचं झालं. १९७९ मध्ये बॉशची मोट्रॉनिक प्रणाली बीएमडब्ल्यूत आली आणि ठिणगी व पेट्रोल एकाच कंप्युटरच्या हाती गेले. अमेरिकेत १९९६ पासून प्रत्येक नव्या कारला स्वतःचे दोष तपासून स्कॅनरला सांगणारी ठरावीक प्रणाली बंधनकारक झाली. भारतात ती पायऱ्यापायऱ्यांनी आली, २०१० पासून पहिला टप्पा आणि एप्रिल २०१३ पासून दुसरा. १ एप्रिल २०२० ला प्रदूषणाचे बीएस-सहा निकष लागू झाले, तेव्हा बहुतेक मोटारसायकलींचे कार्बोरेटरही गेले. म्हणजे बार्शीटाकळीत मोटारसायकल दुरुस्त करणाऱ्या पोरालाही आता इंजेक्शन आणि सेन्सर टाळता येत नाहीत.

कंप्युटर मिसिंग ओळखतो तो क्रँकच्या वेगावरून. प्रत्येक स्फोटाने क्रँकला किंचित वेग मिळतो. ज्या ठोक्याला तो मिळाला नाही तो कंप्युटर नोंदवतो आणि कोड देतो. पी०३०१ म्हणजे पहिला सिलिंडर, पी०३०२ दुसरा, असं पुढे. पी०३०० म्हणजे कधी हा, कधी तो. इथे बहुतेकांची गफलत होते. पी०३०१ आला की पहिल्या सिलिंडरची कॉइल बदलायची, असं ठरलेलंच. पण कोडने फक्त रिकामी ओळ दाखवली, कारण नाही. पहिल्याची कॉइल दुसऱ्यावर आणि दुसऱ्याची पहिल्यावर लावा, कोड पुसा, गाडी चालवा. आता पी०३०२ आला तर कॉइल दोषी. पी०३०१ च राहिला तर कॉइल निर्दोष. मग प्लग, मग इंजेक्टर अशीच अदलाबदल. एक पैसा खर्च न होता उत्तर मिळतं. आणि तिन्ही अदलाबदलींनंतरही कोड पहिल्यावरच राहिला, तर कम्प्रेशन मोजल्याशिवाय पुढे जाऊ नका.

पी०३०० आला तर सगळ्या सिलिंडरांना समान असलेल्या गोष्टींकडे बघायचं : पेट्रोलचा दाब, हवेची गळती, क्रँकचा सेन्सर, पेट्रोलची प्रत. इथे फ्युएल ट्रिमचे आकडे कामाला येतात. कंप्युटर मूळ हिशेबापेक्षा किती टक्के पेट्रोल जास्त किंवा कमी देतोय, ते हे आकडे सांगतात. हवा मोजणारा सेन्सर असलेल्या गाडीत आयडलला आकडा बराच अधिक आणि २५०० फेऱ्यांवर तो खाली येत असेल, तर कुठूनतरी न मोजलेली हवा आत शिरतेय. फाटका होज किंवा इनटेकचं गॅस्केट शोधा. उलट आयडलला ठीक आणि भार वाढला की आकडा वाढत जात असेल तर पेट्रोल कमी पडतंय. फिल्टर आणि पंपाकडे जा. गळती शोधायला चालू इंजिनावर पेट्रोल शिंपडणारे लोक मी पाहिले आहेत. हे कधीही करू नका. त्याने गॅरेजं जळतात. साबणाचं पाणी किंवा धुराचं यंत्र वापरा.

वऱ्हाडाचा स्वतःचाही काही वाटा या दुखण्यांत आहे. अकोल्याचा उन्हाळा ४५ अंशांच्या वर जातो. कार्बोरेटरच्या जीप आणि पद्मिनी होत्या तेव्हा दुपारी पेट्रोल पंपातच वाफ धरायची आणि गाडी अडखळत बंद पडायची. ड्रायव्हर पंपावर ओलं फडकं गुंडाळायचे. मी त्याला नुसता जुगाड म्हणणार नाही. ओल्या फडक्याने गाडी सुधारली तर दोष वाफेचाच, हे तिथल्या तिथे सिद्ध व्हायचं. काळ्या मातीची बारीक धूळ एअर फिल्टर लवकर भरते. कापूस आणि सोयाबीन घरात येतं तेव्हा उंदीरही येतात, आणि बोनेटखाली शिरून वायरी कुरतडतात. कोड सेन्सरचा येतो, दोष वायरीचा असतो. आणि आता पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल आहे. इथेनॉल पाणी धरून ठेवतं, पण एका मर्यादेपर्यंत. पावसाळ्यात टाकीत जास्त पाणी गेलं की पाणी आणि अल्कोहोल मिळून तळाशी बसतात, आणि पंप तळातूनच ओढतो. महिनोन्‌महिने उभ्या राहणाऱ्या हौसेच्या गाड्यांना, म्हणजे स्पोर्ट्‌स कारला, हा त्रास सगळ्यात जास्त. अशा वेळी बाटलीत थोडं पेट्रोल काढून शांत ठेवा. दोन थर दिसले तर बाकी काही उघडायची गरज नाही.

कम्प्रेशनचं काम लोक टाळतात, कारण त्यात प्लग काढावे लागतात आणि वाईट बातमी मिळण्याची शक्यता असते. पण दहा मिनिटांच्या या कामाने हजारोंचा खर्च वाचतो. बॅटरी भरलेली हवी, पेट्रोल आणि ठिणगी बंद, थ्रॉटल पूर्ण उघडा. निरोगी पेट्रोल इंजिनात साधारण १५० ते २०० पीएसआय येतात, पण नेमक्या आकड्यापेक्षा सिलिंडरांमधला फरक महत्त्वाचा. एखादा बाकीच्यांपेक्षा पंधरा टक्क्यांनी खाली असेल तर त्यात चमचाभर तेल टाकून पुन्हा मोजा. आकडा वाढला तर रिंगा, नाही वाढला तर बहुधा व्हॉल्व्ह. शेजारशेजारचे दोन सिलिंडर सारखेच खाली असतील तर त्यांच्यामधलं गॅस्केट फुटलंय असं समजा.

एक सूचना मी प्रस्तावनेतच देऊन ठेवतो, कारण पुढची प्रकरणं सगळे वाचतीलच असं नाही. चेक इंजिनचा दिवा नुसता पेटलेला असणं आणि तो लुकलुकत असणं, यात फरक आहे. लुकलुकतो तेव्हा न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेने कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तिथे जळत असतं. आतली सिरॅमिकची जाळी वितळते, वाट बंद होते, आणि काहीशे रुपयांच्या प्लगचं दुखणं मोठ्या रकमेवर जातं. गिऱ्हाईक फोनवर विचारतो, “महानहून येऊन रायलो, दिवा लुकलुकते, येऊ का तसाच?” त्याला सांगा, दादा, आहे तिथेच थांबा, आम्ही येतो.

पुस्तकाची मांडणी याच क्रमाने आहे : विचारणं, ऐकणं, बघणं, मोजणं, आणि सगळ्यात शेवटी भाग बदलणं. डिझेलची कॉमन रेल आणि हायब्रीड गाड्या यात नाहीत. त्यांना स्वतंत्र पुस्तक लागेल. साधनांचीही मोठी यादी दिलेली नाही. साधा स्कॅनर, मल्टिमीटर, कम्प्रेशन गेज, पेट्रोलच्या दाबाचं गेज आणि एक वही. वहीत प्रत्येक गाडीचं मॉडेल, गिऱ्हाईकाने सांगितलेले शब्द जसेच्या तसे, आलेले कोड, मोजलेले आकडे आणि अखेर सापडलेलं कारण लिहायचं. पहिल्या प्रकरणाच्या शेवटी त्या वहीच्या पानाचा नमुना छापला आहे.